उंबऱ्यावरचा तांब्या

आमच्या घरात उंबऱ्यावर तांब्या ठेवलेला मला चालत नाही. सून नवीन होती तेव्हा एकदा सकाळी तुळशीला पाणी घालून तिनं तांब्या तसाच दारात ठेवला आणि आत गेली. मी पेपर घ्यायला दार उघडलं, तांब्या दिसला आणि असा ओरडलो की शेजारचे लोक बाहेर आले. पोरगी बिचारी पांढरीफटक पडली. बायकोनं तिला आत नेऊन सांगितलं, "त्यांच्या दोस्ताचं आहे ते, तू मनावर घेऊ नको." सुनेला वाटलं तांब्या दोस्ताचा आहे. तिनं तो घासून-पुसून कपाटात वर ठेवून दिला, परत करायला म्हणून.

मी मास्तर होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आणि चिडका मास्तर म्हणून माझी ख्याती होती. ती खोटी नव्हती. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण पहाट फुटून गेल्यावर, अजून डोळे उघडायच्या आत, मला कधीकधी लुनाची फटफट ऐकू येते. फटफट जवळ येते, दारापाशी थांबते आणि हाक येते, "हाय का?" मी झोपेतच "हाय" म्हणतो. बायको विचारते, कुणाशी बोलताय? आता काय सांगायचं तिला!

तो दोस्त आणि मी बीडच्या कॉलेजात एका वर्गात होतो. बहात्तरचा दुष्काळ होता. वर्गातली निम्मी पोरं खेड्यातली. कुणी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, कुणी दिवाळी झाल्या झाल्या आईबापाबरोबर ऊस तोडायला. बाकं रिकामी असायची, पण हजेरी भरलेली. ही सगळी याची करामत. शेवटच्या बाकावर बसून, पुकारलेल्या नावाचा पोरगा नसला की हा खुशाल "हजर सर" म्हणायचा. कुणासाठी घोगरा आवाज, कुणासाठी किनरा, एकासाठी तर चक्क तोतरा. एकदा सरांनी चष्मा काढून वर्गाकडं बघितलं आणि म्हणाले, "हा कालचा आवाज नाही." हा खाली मान घालून म्हणाला, "सर, सर्दी हाय." सगळा वर्ग तोंड दाबून हसत होता.

मला त्याचा राग यायचा. मी म्हटलं, "एक दिवस पकडला जाशील आणि तुझीच परीक्षा बुडंल. त्यांचं काय जातंय बे?"

तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "अरे, ते पोरगं तिकडं कोयता चालवतंय. इकडं त्याचं नाव पुकारल्यावर कुणीच काय बोललं न्हाई तर कसं वाटतंय? मेल्यासारखं वाटतंय बे."

आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. त्याच्या आईचा डबा एसटीनं यायचा. कंडक्टरच्या हातात दिला की स्टँडवर आम्ही हजर. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. त्या भाकरीला चव अशी नव्हतीच, पण डब्याची वाट बघण्यात मजा होती. एकदा आई स्वतःच डबा घेऊन आली. बाप लवकर गेला होता, हा एकुलता एक. आपल्या पोराला सोडून ती माझ्याच गालावरून हात फिरवायला लागली. "कावून रे लेकरा इतका वाळलास? खात जा की." तिचे हात उसाच्या पाचटानं कापून कापून खरबरीत झाले होते. गालाला ते अजून लागतात.

कॉलेज संपलं, मी डी.एड. करून मास्तरकीला चिकटलो तो रिटायर होईपर्यंत हललो नाही. हा मात्र एका जागी टिकला असेल तर शपथ! आधी रोजगार हमीच्या कामावर हजेरी घ्यायला लागला. मग जिल्ह्याबाहेरच्या एका सहकारी साखर कारखान्यात स्लिपबॉय झाला, म्हणजे गाडीतळावर उभं राहून उसाच्या गाड्यांना नंबराची चिठ्ठी द्यायची. पुढं टेम्पो चालवला. फोटो स्टुडिओ काढला; त्यात माणसांचे कमी आणि बैलांचेच फोटो जास्त काढले. लग्नात बँजो वाजवला. एकदा तर कारखान्याच्या संचालकपदाला उभा राहिला आणि असा पडला की प्रचार करणाऱ्यांनीही त्याला मत दिलं नव्हतं. ते तो स्वतःच हसत हसत सांगायचा. मी म्हणायचो, "लेका, एक धड काम कर." तो म्हणायचा, "एक करतोय की. सकाळचं."

ते सकाळचं काम कसं सुरू झालं, हे सांगायला त्याच्या आईपाशी परत यावं लागतं.

तो कारखान्यावर होता त्या हिवाळ्यात आई घरी एकटी होती. गुडघे गेलेले, त्यामुळं ऊसतोडीला जाणं बंद. त्यांचं गाव गेवराईच्या पुढं, उमापूरच्या अलीकडं. दिवाळीनंतर निम्मं गाव तोडीला जातं. लोक कुलूप लावतात आणि दारासमोर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवतात, जनावरं शिरू नयेत म्हणून. मागं राहतात ती म्हातारी माणसं. त्या गल्लीत तर सगळ्याच दारांपुढं काट्या होत्या, एक हिचं दार सोडून. त्या दारावरनं मेंढरं घेऊन चाललेल्या एका धनगराला शंका आली. दार आतून लावलेलं होतं. ते फोडलं तेव्हा बाई रांजणापाशी पडलेली होती आणि तांब्या हाताजवळ होता. पाण्यासाठी उठली असणार. किती दिवस झाले होते ते दोस्तानं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा तो पक्कड घेऊन दाराची आतली कडी उपसत होता. घाम गाळत. कडी निघाली तशी त्यानं ती लांब उकिरड्यावर फेकली. मग माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मरण काय, येतंच. पण बे, कुणी हाकच मारली न्हाई तिला. तेवढं कुणाचंच व्हायला नको." त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याला एवढीच एक काळजी होती. लग्न केलं नाही. कारखाना सोडून गावी आला तो याच पायी.

नंतर गावात सहकारी दूध संस्था निघाली आणि हा तिचा सचिव झाला. सचिव म्हणजे काय, दूध गोळा करणारा, मोजणारा आणि कॅन धुणाराही हाच. सकाळी लुनाला दोन्हीकडं कॅन अडकवून गल्लीतनं फिरायचा. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांकडं एखादी शेळी, एखादी भाकड होत आलेली गाय. त्यांचं दूध ते किती! ते तांब्यात काढून उंबऱ्यावर ठेवायचे. हा येऊन हाक मारायचा, "हाय का?" आतनं "हाय" आलं की तांब्या कॅनमध्ये पालथा करायचा.

मग एक असा दुष्काळ पडला की पाटाला पाणी नाही, विहिरींना नाही, माजलगावच्या धरणातही गाळ दिसायला लागला म्हणे. जनावरं छावणीत गेली, काही बाजारात गेली. दूध आटलं आणि संस्थेला कुलूप लागलं. पण याची फेरी चालूच. त्याच कॅनमध्ये टँकरचं पाणी भरायचा आणि त्याच उंबऱ्यांवरच्या त्याच तांब्यांत ओतायचा. म्हातारी माणसं टँकरच्या गर्दीत शिरणार कशी? पुढं पाऊसपाणी झालं, गायी परत आल्या, दुसरा दुष्काळ आला, याचे धंदे बदलत गेले, पण दिवाळी झाली की सकाळची फेरी ठरलेली. पाण्याच्या निमित्तानं तो खरं म्हणजे हजेरीच घेत होता. तांब्या बाहेर असला म्हणजे माणूस उठलंय, धडधाकट आहे. नसला तर दार ढकलून आत जायचं. प्रत्येकाची आतली कडी त्यानं भांडून भांडून काढायला लावली होती.

रिटायर झाल्यावर एकदा मी मुद्दाम त्याच्याकडं राहायला गेलो. दुष्काळाचंच साल होतं ते, दिवाळी होऊन गेलेली. सकाळी मला लुनावर मागं बसवलं. कॅन पायांना घासत होते आणि मी शिव्या देत होतो. गल्लीत निम्म्या दारांपुढं काट्या, उरलेल्यांच्या उंबऱ्यावर तांब्या. हा ओरडायचा, "हाय का?" एकीकडून यायचं, "हाय बाबा." समोरच्या ओट्यावरचा एक आंधळा म्हातारा म्हणायचा, "अजून तर हाय." कुणी म्हणायचं, "जातुया कुटं?" हा खो-खो हसायचा, तांब्या भरायचा आणि पुढं.

शेवटच्या घरी तांब्या नव्हता.

त्यानं लुना स्टँडवरसुद्धा लावली नाही, दिली सोडून. मी आणि लुना दोघंही आडवे झालो, पाणी सगळं मातीत. हा आत धावला. मी लंगडत लंगडत दारात पोचलो तर आतली म्हातारी गोधडीत बसून त्याला झाडत होती. "कालच तर वरडलास, सांजंला तांब्या ठिवू नगं म्हनून! आज गुडगं उटू देईनात, तर मी काय उडत जाऊ व्हय भाईर?"

झालं होतं असं, की सकाळी उठायचा त्रास नको म्हणून ही बाई आदल्या दिवशी संध्याकाळीच तांब्या बाहेर ठेवून द्यायची. यानं ते पकडलं होतं आणि फार बोलला होता.

"मावशे," तो म्हणाला, "सांजंला ठेवलास तर सकाळी तू हायस का न्हाईस, मला कसं कळंल? तांब्या सकाळीच ठेवायचा. सरपटत ये, पर सकाळी."

"बरं बाबा, सरपटते," म्हातारी म्हणाली आणि मग माझ्याकडं बघून, "ह्यो कोन? लुनावरनं पडलाया का?"

मी हसलो. तो हसत नव्हता. भिंतीला टेकून खाली बसला होता. मी खांद्यावर हात ठेवला तर शर्ट घामानं भिजलेला. इतक्या वर्षांनी, एका न दिसलेल्या तांब्यानं त्याला परत आईच्या रांजणापाशी नेऊन सोडलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण असल्या वेळी काय बोलायचं ते आम्हा मास्तर लोकांना येत नाही. मी म्हटलं, "चल, पाणी परत भरून आणू."

त्याच दिवशी दिवेलागणीला आम्ही त्याच्या घराबाहेर बसलो होतो. चहा झाला, लुना त्यानं ढकलत घरात घेतली. पेट्रोल चोरतात म्हणून ती रोज घरातच. मग त्यानं आतून आपला तांब्या आणला, पाणी भरून उंबऱ्यावर ठेवला.

मी म्हटलं, "आता काय म्हणायचं तुला! सकाळी त्या म्हातारीचा कान धरलास आणि स्वतः संध्याकाळीच ठेवतोस की."

"मी लई सकाळी निघतो बे. गडबडीत राहतंय. आणि गल्लीतनं येता-जाता त्यांना माझा तांब्या दिसला की त्यांच्या ध्यानात राहतंय, आपलाबी ठेवायचा हाय."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

तो हसला. कॉलेजातल्या शेवटच्या बाकावरचं हसू. "माझी हजेरी कोण घेतंय बे?"

मी चिडून म्हटलं, "मी घेतो. उद्यापासून तांब्या सकाळी ठेवायचा." तो म्हणाला, "बरं गुरुजी." आणि तांब्या होता तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी मी बीडला परतलो.

त्याच हंगामात गावातल्या दुकानदाराचा फोन आला. एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमचा दोस्त गेला. निघा." मी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. ओट्यावर म्हातारी माणसं बसलेली. ती शेवटच्या घरची म्हातारी मला बघून उठली आणि सगळं तिनंच सांगितलं.

"पयल्या दिशी आला न्हाई. आमी म्हनलं, टँकरच्या पायी गेवराईला गेला असंल. ह्यो दुकानदार दारावरनं गेलता, त्यानं सांगितलं, तांब्या भाईर हाय. मंग कशाची काळजी? दुसऱ्या दिशीबी न्हाई. लई राग आला मला. म्हनलं, आमी सरपटत तांब्या ठिवायचा आन् ह्यानं यायचंच न्हाई व्हय? काठी घेतली आन् भांडायला आले. तांब्या व्हता उंबऱ्यावर. आत बगितलं तर पान्यावर धूळ, लिंबाचा पाला, मुंग्या मरून पडलेल्या. म्हनलं, ह्या तांब्याला कुनी हातच लावला न्हाई. दार नुस्तं लोटलेलं व्हतं बाबा. बोट लावलं तर उगडलं."

खाटेवरच गेला होता. डॉक्टर म्हणाला, झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. झाला नसेल, कोण जाणे.

मला रडू आलं नाही. संताप आला. वाटलं, त्याला खाटेवरून उठवावं आणि विचारावं, गाढवा, सगळ्या गावाला नियम लावलास आणि स्वतःला सोडलंस? ज्याचं भय आयुष्यभर उराशी धरलं, तेच तुझ्या दारात येऊन बसलं, आणि तुझाच तांब्या बाहेर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, हजर सर, हजर सर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते ऐकलं आणि माणसं आपापल्या वाटेनं गेली. त्यांची काय चूक? तूच शिकवलंस त्यांना. मी अंगणात उभा राहून हे मोठ्यानं बोलत होतो, असं मला नंतर दुकानदारानं सांगितलं.

गावात खांदा द्यायला तरणा माणूस नव्हता, सगळे उसात. त्याचा चुलतभाऊ कर्नाटकात तोडीवर, त्याला यायला जमणार नव्हतं. म्हाताऱ्यांनी आणि मी मिळून उचलला. ओढ्याला पाणी नव्हतं म्हणून अंघोळीला टँकरचं पाणी कॅनमधनं नेलं, त्याच्याच कॅनमधनं. अग्नी मी दिला.

रात्रीची गाडी नव्हती, मी दुकानदाराकडं पडून राहिलो. सकाळी बाहेर आलो आणि गल्लीत पाऊल टाकवेना. सगळ्या उंबऱ्यांवर तांब्ये होते. एकूण एक. ऊन वर येत होतं, पितळ चमकत होतं आणि दारांतनं कुणी बाहेर येत नव्हतं. सगळे आत बसून वाट बघत होते. हाक मारणारा आता येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं!

मी त्याच्या घरातनं लुना बाहेर काढली. ती मला सुरू करता येईना, कितीही पायडल मारलं तरी. मग कॅन भरून अडकवले आणि ढकलत निघालो. पहिल्या दारापाशी थांबलो. इतकी वर्षं पोरांवर ओरडलेला घसा माझा, आणि दोन शब्द निघेनात.

मागं काठी आपटली. ती म्हातारीच. "बगतुयास काय उभा? हाक मार की मास्तर!"

"हाय का?" मी म्हटलं.

आतनं आवाज आला, "हाय."

तांब्या भरला. पुढचं दार. "हाय का?" "हाय." म्हातारी काठी आपटत पुढं चालली होती आणि मी मागं. अर्धं पाणी तांब्याबाहेर जात होतं. असं करत करत त्याच्या घरापाशी आलो. दार लोटलेलं. उंबऱ्यावर त्याचा तांब्या होता, घासून लख्ख केलेला, रिकामा. कुणी ठेवला, कुणास ठाऊक. पुढं जायला हवं होतं. पण मी त्याला शब्द दिला होता, तुझी हजेरी मी घेतो म्हणून. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "हाय का बे?"

गल्ली गप्प झाली. म्हातारीची काठीही थांबली. त्या शांततेत मला कळलं, नाव पुकारल्यावर कुणीच बोललं नाही म्हणजे कसं वाटतं ते.

तेवढ्यात माझ्या पाठीमागनं, समोरच्या ओट्यावरनं, कुणीतरी बोललं.

"हाय."

मास्तर म्हणून असल्या खोट्या हजेऱ्या मी आयुष्यभर पकडल्या, पोरांना बाकावर उभं केलं. त्या दिवशी मी मागं वळून बघितलं नाही. वाकून त्याचा तांब्या भरला आणि लुना ढकलत पुढच्या दारापाशी गेलो.